वय वाढले की जग वाईट दिसू लागते का?

नाशिकच्या इंदिरानगर भागातून, पन्नाशीला टेकलेल्या एका वाचकांनी विचारले आहे की त्यांचे शहात्तर वर्षांचे वडील, जे शिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि आयुष्यभर उमेदीने बोलत आले, ते गेल्या काही वर्षांपासून 'आता माणसांचे काही खरे नाही, या शहराचेही नाही' यापलीकडे फारसे बोलत नाहीत. जेवण, झोप, फिरणे सारे नीट आहे. वय वाढले की हे होणारच का, हा काही आजार आहे का, आणि आपणही अलीकडे तसेच बोलू लागलो आहोत त्याचे काय, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. मी नाशिकमध्ये बरीच वर्षे मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करीत आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत साठीच्या पुढची माणसे पुष्कळ असतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे वेगवेगळ्या तोंडांनी नेहमी येतो.

माझे उत्तर असे की नुसत्या वयाने माणूस निराशावादी होत नाही. वयाबरोबर जगाशी असलेला त्याचा प्रत्यक्ष व्यवहार कमी होत जातो, आणि जग कसे आहे हे तो स्वतःच्या अनुभवाऐवजी दुसऱ्यांच्या सांगण्यावरून ठरवू लागतो. वडिलांच्या बोलण्याचे मूळ मला तिथे दिसते. हे मी का म्हणतो ते थोडे विस्ताराने सांगतो.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. माणसाला स्वतःच्या आयुष्याबद्दल काय वाटते ही एक, आणि त्याला जगाबद्दल काय वाटते ही दुसरी. पहिलीच्या बाबतीत संशोधनाचे निष्कर्ष अनेकांच्या अपेक्षेच्या उलट आहेत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॉरा कार्स्टेन्सन यांनी गेली तीन दशके जे काम केले आहे, त्यातून असे दिसते की उतारवयात, शरीर साथ देत असेल तोवर, राग, चिडचिड आणि चिंता तरुणांच्या मानाने कमी असतात. याचे त्यांनी दिलेले कारण मला फार पटते. पुढे किती काळ उरला आहे या जाणिवेवर माणसाची निवड ठरते, आणि काळ थोडा आहे असे वाटू लागले की तो नव्या ओळखी आणि नव्या महत्त्वाकांक्षा सोडून जिवाभावाच्या चार माणसांकडे वळतो. याचा वयाशी थेट संबंध नाही हे दाखवणारा त्यांचा एक अभ्यास आहे. उपचार फारसे हाती नव्हते त्या काळात एचआयव्हीची लक्षणे दिसू लागलेल्या तरुणांची निवडही वृद्धांसारखीच झालेली आढळली. ब्लँचफ्लॉवर आणि ऑस्वल्ड या अर्थशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये अनेक देशांतील पाहण्यांवरून असे मांडले की समाधानाची पातळी तरुणपणानंतर घसरत जाते, चाळिशीत सर्वांत खाली असते आणि पुढे पुन्हा चढते. अलीकडे अनेक देशांत तरुणांचीच मनःस्थिती इतकी ढासळली आहे की हा आलेख पूर्वीसारखा उरलेला नाही, असे ब्लँचफ्लॉवर स्वतःच आता सांगतात. मात्र म्हातारपण म्हणजे खिन्नता हे समीकरण यांपैकी कशातूनच निघत नाही.

भविष्याचा अंदाज मात्र वयाबरोबर काळवंडतो, हे खरे आहे. जर्मनीत त्याच त्या माणसांना अनेक वर्षे विचारत राहून केलेल्या एका अभ्यासात, जो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला, लोकांना पाच वर्षांनी आपण किती समाधानी असू असे विचारले आणि पाच वर्षांनी प्रत्यक्ष स्थिती पाहिली. तरुणांचे अंदाज वाजवीपेक्षा गोड निघाले, मध्यमवयीनांचे बरेचसे अचूक, आणि वृद्धांचे वाजवीपेक्षा कडू; म्हणजे त्यांना वाटले होते त्याहून ते पुढे बरेच होते. गंमत अशी की ज्यांनी वाईटाची अपेक्षा धरली होती त्यांच्यात पुढे अपंगत्व आणि मृत्यू थोडे कमी आढळले. कदाचित अशी माणसे जास्त जपून राहत असतील. तेव्हा वडील स्वतःच्या तब्येतीविषयी 'पुढच्या वर्षीचे कोणी पाहिले आहे' असे म्हणत असतील तर ते मुळीच मनावर घेऊ नये.

आता जगाबद्दलच्या मताकडे येऊ. 'नेचर' या नियतकालिकात 2023 मध्ये मास्त्रोयानी आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास आला. किमान 60 देशांतील लोकांना माणसांची नीतिमत्ता घसरत चालली आहे असे वाटते, आणि निदान गेली 70 वर्षे ते असेच वाटून घेत आले आहेत, असे त्यांना आढळले. पण त्याच काळात 'तुमच्या आजूबाजूची माणसे आज कशी वागतात' असे विचारले असता आलेली उत्तरे वर्षानुवर्षे साधारण सारखीच होती. घसरण खरी असती तर या उत्तरांतही ती दिसली असती. हा समज एकट्या वृद्धांचा नाही, तरुणांतही तो भरपूर आहे. त्या अभ्यासातील आणखी दोन तपशील आपल्या प्रश्नाला फार जवळचे आहेत. लोकांना ही घसरण आपल्या जन्माच्या सुमारास सुरू झाली असे वाटते. आपण जन्मण्यापूर्वी सारे स्थिर होते अशी त्यांची समजूत असते. आणि हीच माणसे स्वतःच्या ओळखीच्या लोकांबद्दल बोलू लागली की मात्र ते बिघडले आहेत असे म्हणत नाहीत. बिघडलेले असतात ते अनोळखी लोक, ज्यांच्याविषयी त्यांनी फक्त ऐकलेले असते.

हा दुसरा तपशील मी माझ्या खोलीत रोज पाहतो. 'हल्लीच्या पोरांना कसली लाज नाही' असे म्हणणाऱ्या गृहस्थांना मी त्यांचा नातू, औषधांच्या दुकानातला मुलगा, रोज सोडायला येणारा रिक्षावाला यांच्याबद्दल एकेक करून विचारतो, तेव्हा प्रत्येकासाठी त्यांच्याजवळ चांगला शब्द असतो. आपल्या अनुभवातली सगळी पोरे चांगली असूनही पिढी बिघडलेली कशी, हा विरोध त्यांच्या लक्षात येत नाही, कारण पिढीविषयीचे मत या पोरांवरून बनलेलेच नसते.

भूतकाळ सोनेरी का दिसतो, याचे कारण स्मृतीच्या कामकाजात आहे. घटनेतले दुःख तिच्यातल्या सुखापेक्षा लवकर विरते, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. घटना आठवते, तिची बोच आठवत नाही. शिवाय आयुष्यभराच्या आठवणींत साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत दाट असतात, त्यामुळे 'त्या काळी' म्हणताना माणूस बहुधा स्वतःच्या तारुण्याबद्दलच बोलत असतो. नव्या रुग्णाची माहिती घेताना मी भावंडांविषयी विचारतो. 1950 च्या आसपास जन्मलेली माणसे 'आम्ही आठ, त्यातली पाच राहिली' असे अगदी सहज सांगतात, आणि गेलेल्या तिघांची नावे विचारली तर एखादे नाव आठवतही नाही. पुढच्याच वाक्यात 'पण तो काळ चांगला होता' हे येते. 1971 साली भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे सुमारे 129 बाळे वर्षाच्या आत दगावत होती. 2020 मध्ये हा आकडा 28 होता, आणि महाराष्ट्रात 16. 1972 च्या दुष्काळाबद्दल बोलतानाही हेच होते. खडी फोडायला गेलेल्या, मिलोच्या लाल भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेल्या माणसांच्या तोंडून मला त्या वर्षाची हकिकत बहुतेक वेळा 'पण माणुसकी होती' या वाक्याने संपलेली ऐकायला मिळते. माणुसकी होती हे खोटे नाही, भूकही होती. पन्नास वर्षांनंतर पहिली शिल्लक आहे आणि दुसरी विरली आहे. आपल्याकडे या प्रवृत्तीला कलियुगाच्या कल्पनेचा जुना आधारही आहे. मुले आईवडिलांचे ऐकेनाशी होतील, हे कलियुगाचे लक्षण ज्यांनी लिहून ठेवले त्यांच्या घरीही ऐकणारी आणि न ऐकणारी अशी दोन्ही प्रकारची मुले असावीत.

स्मृतीचे हे नियम सर्वांनाच लागू आहेत. मग सगळेच वृद्ध निराशावादी का होत नाहीत? माझ्याकडे निफाड, दिंडोरी, चांदवड भागांतून पंच्याहत्तरीचे शेतकरी येतात, कोणाला झोपेचा त्रास असतो, कोणाला बायको गेल्यानंतरचे दुःख. त्यांच्या तोंडी तक्रारी कमी नसतात. कांद्याचा भाव, निर्यातबंदी, द्राक्षे काढणीला आली की नेमका येणारा अवकाळी पाऊस, मजुरांची टंचाई, बाजार समितीतला विलंब, सगळे असते. परंतु त्या तक्रारीला पत्ता असतो. अमुक व्यापाऱ्याने अमुक दिवशी अमुक केले, आणि पुढच्या खेपेस पिंपळगावऐवजी लासलगावला माल नेऊन पाहू, इथपर्यंत ती जाते. या वयात माणूस नवी द्राक्षबाग लावायला काढतो, जिचे पहिले पीक हाती यायला दीड-दोन वर्षे लागतात, आणि त्याच वेळी 'शेतीत काही राम राहिला नाही' असेही म्हणतो. त्याच्या या वाक्यावर मी विश्वास ठेवीत नाही. खर्च कशावर करतो आहे ते पाहतो. याउलट चांगले निवृत्तिवेतन असलेले, गंगापूर रोडला स्वतःचा फ्लॅट असलेले, मुले मार्गी लागलेले अधिकारी किंवा प्राध्यापक येतात, तेव्हा त्यांच्या तक्रारीला पत्ता नसतो. 'सिस्टीम सडली आहे', 'लोक स्वार्थी झाले आहेत', 'पुढे अंधार आहे'. पैसा, आरोग्य, मान हे सारे पहिल्यापेक्षा दुसऱ्याकडे अधिक आहे; फक्त रोजचा व्यवहार पहिल्याकडे आहे. माझ्याकडे येतात ती निवडक माणसे असतात आणि त्यांच्यावरून अख्ख्या जिल्ह्याचा नियम काढता येणार नाही, पण हा फरक इतक्या वेळा समोर आला आहे की मी तो बाजूला ठेवू शकत नाही.

शिक्षकाची निवृत्ती या दृष्टीने विशेष कठीण असते. तीस-पस्तीस वर्षे त्याला दर जूनमध्ये नव्या पिढीचा ताजा नमुना वर्गात मिळत असतो, त्यात टवाळ पोरे असतात आणि हुशारही असतात, आणि पिढीविषयीचे त्याचे मत दरवर्षी दुरुस्त होत असते. निवृत्तीनंतर हा पुरवठा एका दिवसात बंद पडतो. मग तरुणांबद्दलची माहिती येते ती बातमीतून, आणि अभ्यास करून झोपी गेलेल्या मुलाची बातमी कधीच होत नाही. कोयता घेऊन फिरणाऱ्याची होते.

इथे वृत्तवाहिन्यांचा आणि फोनचा विषय येतो. एक कोडे असे आहे की प्रयोगशाळेत वृद्ध माणसे सुखद चित्रांकडे जास्त वेळ पाहतात, दुःखद गोष्टी तरुणांपेक्षा कमी लक्षात ठेवतात, आणि घरी मात्र तीच माणसे दिवसभर भीषण बातम्यांसमोर बसलेली दिसतात. याचा उलगडा मला असा वाटतो. अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले असता असे आढळले आहे की वृद्धांचा हा चांगल्याकडे कल, काय पाहायचे हे त्यांचे त्यांना ठरवू दिले असता अधिक स्पष्ट दिसतो, आणि बंधन घातले की फिका पडतो. चालू ठेवलेला टीव्ही हे असेच बंधन आहे. एकच अपघात दुपारपासून रात्रीपर्यंत वीसदा दाखवला जातो आणि मनाला तो वीस अपघातांसारखा वाटू शकतो. व्हॉट्सॲपच्या गटांत याच्या जोडीला दहा वर्षांपूर्वीचे आणि भलत्याच देशातले व्हिडिओ आजचे म्हणून फिरतात. संध्याकाळच्या कट्ट्याविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण मी स्वतः माणसांना तिथे जायला सांगतो. समवयस्कांची सोबत औषधाइतकी मोलाची आहे. पण कट्ट्यावर सगळे निवृत्त, सगळे एकच वाहिनी पाहणारे असले, तर प्रत्येक जण घरून आणलेले मत तिथे आणखी कडक होऊन परत नेतो.

या सगळ्यावरून वडील चूकच आहेत असे समजू नये. नाशिकबद्दल ते जे म्हणतात त्यातले काही अगदी बरोबर असणार. गोदावरीच्या पाण्याची दशा त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे. सिंहस्थाच्या कामांत कुंडांच्या तळाशी काँक्रीट घालून झरे बुजवले गेल्याची तक्रार न्यायालयापर्यंत गेली आहे. आगामी सिंहस्थासाठी तपोवनातील झाडे तोडण्याच्या प्रस्तावावरून शहरातले लोक रस्त्यावर उतरले, आणि त्यांत पांढऱ्या केसांची माणसे होती. महापालिका 1982 साली स्थापन झाली तेव्हाचे शहर आणि 2011 च्या जनगणनेत 14 लाखांपुढे गेलेले शहर यांतला फरक ज्याने जगून पाहिला आहे, त्याला 'तुमचा हा स्मृतिभ्रम आहे' असे सांगणे उद्धटपणाचे आणि चुकीचे आहे. दीर्घ आठवण काही वेळा घाबरलेल्यांना धीरही देते. गोदावरीचे पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गळ्याशी आले की तरुण मंडळी 'असा पूर कधी आलाच नव्हता' म्हणून व्हिडिओ पाठवू लागतात, तेव्हा 1969 चा पूर पाहिलेले आजोबा ते कुठे उभे होते आणि पाणी कुठवर आले होते ते शांतपणे सांगतात. नदीबद्दल बोलताना वडिलांचे बोलणे पत्ता असलेले असते की नाही, हे आपण ऐकून पाहावे. असेल तर ती निराशा नव्हे. तो नागरिकाचा राग आहे, आणि त्याला अर्ज, सभा, वर्तमानपत्राला पत्र अशा वाटा आहेत.

आजाराचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यात हयगय नको. भारतातील वृद्धांविषयीची 'लासी' ही मोठी राष्ट्रीय पाहणी 2017-18 मध्ये झाली, तिच्यात साठीपुढील सुमारे 8.3 टक्के लोकांत नैराश्याच्या आजाराची लक्षणे आढळली, पण तसे निदान झालेले असल्याचे सांगणारे फक्त 0.8 टक्के होते. म्हणजे दहांतले नऊ जण 'वय झाले, असे व्हायचेच' या समजुतीखाली घरात बसून आहेत. जगाविषयी वाईट बोलणारा आणि आजारी यांत फरक करताना मी बोलण्याचा विषय पाहतो. आजारात माणूस बहुधा जगाला नावे ठेवीत नाही. तो स्वतःला नावे ठेवतो: मी ओझे झालो, माझ्या हातून काही झाले नाही, आता पुरे. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस जातो, पहाटे जाग येऊन मन खाते, भूक आणि वजन उतरते, बोलणे-चालणे मंदावते, किंवा उलट तगमग वाढते. पूर्वी सौम्य असलेला माणूस अल्पावधीत संशयी किंवा तुसडा झाला असेल, तर थायरॉइड, बी-12 जीवनसत्त्व, चालू असलेली औषधे, मेंदूतील लहान पक्षाघात आणि स्मृतिभ्रंशाची सुरुवात हे सारे तपासावे लागते. ऐकू कमी येणे हे तर फार दुर्लक्षित कारण आहे, कारण ज्याला घरातले बोलणे नीट ऐकू येत नाही त्याला लोक आपल्याबद्दलच काही बोलत आहेत असे वाटू लागते, आणि मोठ्या आवाजातला टीव्ही हाच त्याचा एकमेव संवाद उरतो. आपण जे लिहिले आहे त्यावरून वडील या गटात दिसत नाहीत, तरी कान आणि रक्त एकदा तपासून घ्यावे. मरणाचे विचार बोलून दाखवले गेले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. टेलिमानस ही सरकारी विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीतून बोलते.

आजार नसेल तर काय करावे, याबद्दल माझा पहिला आग्रह हा की आकडेवारीने त्यांना हरवू नये. बालमृत्यूचे आकडे मी वर आपल्यासाठी लिहिले आहेत. जेवताना ते वडिलांच्या तोंडावर फेकले तर ते जास्तच अडून बसतील. 'कोण?', 'कुठे?', 'तुम्हाला स्वतःला कोणाचा अनुभव आला?' असे कुतूहलाने विचारावे; उत्तर आले तर बोलणे खाली जमिनीवर येते, नाही आले तर ते स्वतःच विषय बदलतात. दुसरे असे की घरातले व्यवहार काळजीपोटी त्यांच्या हातून काढून घेतले असतील तर परत द्यावेत. बँक, वीजबिल, भाजी, गिरणी, सोसायटीची बैठक ही कामे मोबाइलवरून चुटकीसरशी होतात हे खरे, पण त्यांतून रोज भेटणारी पाच-सहा माणसे, ज्यांच्यातली बहुतेक बरी वागतात, त्यांच्यासाठी मोबाइलमध्ये पर्याय नाही. शिक्षक माणसाला तर मुले मिळवून द्यावीत. महापालिकेच्या शाळेतली दोन-चार मुले आठवड्यातून दोन संध्याकाळी गणित शिकायला आली, तर पिढीचा नमुना पुन्हा मिळू लागतो. असे झालेल्या माणसांची तक्रार थांबत नाही, पण 'हल्लीची पोरे' जाऊन 'तो आठवीतला, अपूर्णांक समजत नाहीत त्याला' असे सुरू होते. टीव्ही बंद करायला सांगू नये. सकाळी वर्तमानपत्र आणि रात्री एकदा बातम्या, मध्ये पडदा काळा, एवढा करार बहुतेक घरांत निभतो, विशेषतः घरातली धाकटी माणसेही आपला फोन तेवढ्या वेळ बाजूला ठेवतात तेव्हा.

राहिले आपण स्वतः. आपले वय त्या आलेखाच्या तळाच्या आसपासचे आहे. म्हाताऱ्या आईवडिलांची आणि शिकणाऱ्या मुलांची जबाबदारी एकाच वेळी अंगावर असताना जग रुक्ष वाटणे हे वडिलांच्या निराशावादापेक्षा वेगळे, आणि बऱ्याच अंशी दमणुकीतून आलेले असू शकते. निवृत्तीला आपल्यापाशी अजून काही वर्षे आहेत. नोकरी संपल्यावरही ज्यात अनोळखी आणि आपल्याहून तरुण माणसांशी संबंध येत राहील असे एखादे काम, मग ते वाचनालयाच्या कार्यकारिणीचे असो, टेकड्यांवर झाडे लावणाऱ्या गटाचे असो किंवा एखाद्या लहान धंद्याचे, आताच हाती घ्यावे असे मी सुचवीन, कारण पासष्टीला नव्या ठिकाणी जाऊन नाव सांगण्याचा जो संकोच वाटतो तो पन्नाशीला वाटत नाही, आणि अशा ठिकाणी वर्षानुवर्षे येणाऱ्या माणसाला म्हातारा झाल्यावरही लोक कामे सांगत राहतात.